हळकुंडाचं कलम

"काढा म्हणालासा तर उद्यापासनं येत न्हाई. ह्यो घ्या तुमचा पास." शालन मगदूमनं गेटपास माझ्या टेबलावर ठेवला आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांवर तळवा दाबून ती उभी राहिली.

तिच्या मागं दारात वाइंडिंग खात्यातल्या बायकांनी गर्दी केली होती. पुढं यायला कुणी तयार नाही आणि मागं सरायलाही कुणी तयार नाही, अशी. मी गिरणीचा कामगार कल्याण अधिकारी. नाव मोठं होतं, पण प्रत्यक्षात कॅन्टीनच्या आमटीत पाणी जास्त का इथपासून संडासाला कडी का नाही इथपर्यंत सगळ्यांची बोलणी खाण्याची ती जागा होती.

"शालनबाई, पास उचला आधी," मी म्हणालो. "हौसाबाईचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"बगितलंय की. मीच मशिन बंद केलं न्हवं?"

हे खरं होतं. इचलकरंजीजवळच्या आमच्या सूतगिरणीत वाइंडिंग म्हणजे छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं खातं. कोनाखाली ड्रम गरागरा फिरत असतो, आणि सूत तुटलं की बाईनं वाकून टोकाला टोक जोडायचं. हौसाबाई अशीच वाकली आणि तिचं मंगळसूत्र कोनाच्या तोंडाशी गेलं. कोनाला सूत काय आणि मंगळसूत्र काय, सारखंच. त्यानं ते गुंडाळायला सुरुवात केली. मंगळसूत्र तारेत ओवलेलं होतं, ते तुटेना. शेजारच्या मशिनवरून शालननं धाव घेऊन बटण दाबलं म्हणून हौसाबाई वाचली. गळ्याला टाके पडले आणि आवाज मात्र कायमचा घोगरा झाला.

त्यानंतर कारखाना निरीक्षक आले. त्यांनी आमचं सुरक्षा धोरण मागितलं. ते आमच्याकडं होतं, नव्हतं असं नाही. ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत, इंग्रजीत. कुणीतरी कुठल्यातरी परदेशी कंपनीचं उतरवून घेतलेलं. त्यात जिन्यावरचा बर्फ वेळच्या वेळी काढावा असंही एक कलम होतं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की त्या चौकटीलाही हळदकुंकू लागायचं आणि झेंडूचा हार पडायचा. इतका मान गिरणीत दुसऱ्या कुठल्या कागदाला नव्हता आणि इतका न वाचलेला कागदही दुसरा नव्हता. निरीक्षकांनी बर्फाचं कलम मोठ्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि कामगारांच्या भाषेत, कामगारांना समजावून, पाळता येईल असं धोरण महिनाअखेर तयार पाहिजे म्हणून नोटीस दिली.

मॅनेजर वाळवेकर साहेबांना ते फार सोपं वाटलं. "लिहा," ते म्हणाले. "कामावर दागिने घालण्यास सक्त मनाई. मोडल्यास बडतर्फ. खाली माझी सही."

ते लिहून मी वाचून दाखवलं होतं, आणि त्याचा परिणाम आता माझ्या टेबलावर पासच्या रूपानं पडला होता.

इतर बायका कुरकुरत का होईना, तयार झाल्या असत्या. अडचण शालनची होती, आणि ती का, हे सगळ्या गिरणीला ठाऊक होतं. तिचा नवरा बाबासो ट्रकवर होता. माल घेऊन आसामकडं गेला तो परत आला नाही. ट्रक बंगालात रस्त्याकडेला उभा सापडला, किल्ली आत, माल आत, माणूस नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, वर्षं गेली. शालन सासूला घेऊन राहिली, गिरणीत लागली, आणि कपाळाचं कुंकू एक दिवस चुकलं नाही. लोक तिच्यासमोर बाबासोबद्दल बोलताना 'आहे' म्हणायचं की 'होता' म्हणायचं या घोटाळ्यात पडायचे आणि मग बोलायचेच नाहीत.

"तुमच्या गळ्यातलं आठ तास पिशवीत राहिलं तर काय बिघडणार आहे?" मी विचारलं.

"ह्यांच्या बायकांचं न्हाई बिघडत." तिनं मागं मान हलवली. "त्यांचं मालक संध्याकाळी घरात दिसत्यात. माझा मालक कुठं दिसतोय सायेब? माझ्याकडं एवढंच हाय दिसायला."

मी टेबलावरचा पास उगाच इकडचा तिकडं सरकवला. ती बोलत असली की माझं असंच व्हायचं. आता लपवण्यात काही अर्थ नाही. चौतिशी आली होती, बहिणींची लग्नं उरकता उरकता माझं राहून गेलं होतं, आणि वाइंडिंग खात्यातून फेरी मारताना माझी पावलं एका मशिनपाशी उगाच हळू व्हायची. ती कधी काही कमी-जास्त बोलली नाही. मीही नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"पास राहू द्या इथंच टेबलावर," मी म्हणालो. "मला चार दिवस द्या."

त्या चार दिवसांत मी बरंच काही लिहिलं आणि फाडलं. ड्रमला जाळी बसवता येत नाही, कारण मग सूत जोडायला हात कुठून घालणार? मंगळसूत्र पोलक्याच्या आत ठेवावं, तर वाकल्यावर ते बाहेर येतं. वर एप्रन घालावा, तर त्या उकाड्यात आणि उडणाऱ्या कापसात एप्रन दुपारपर्यंत खुंटीला जातो. पाळता न येणारा नियम भिंतीवर लावला की तो फक्त साहेबाला वाचवतो, बाईला नाही. एवढं तरी मला त्या नोकरीनं शिकवलं होतं.

मग एकदा जेवताना आईकडं बघता बघता आठवलं. आईचं मंगळसूत्र सोनाराकडं गाठवायला गेलं की गळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून ती दोऱ्यात हळकुंड बांधायची. दोन-तीन दिवस तेच तिचं मंगळसूत्र. कुणी त्याला कमी मानायचं नाही. आपल्याकडच्या सगळ्याच बायका हे करतात.

दोरा. आणि आम्ही दिवसरात्र दुसरं करत काय होतो?

मी गिरणीच्या लॅबमध्ये गेलो. तिथं सुताची ताकद मोजायचं यंत्र असतं. आमचं सगळ्यांत बारीक एकेरी सूत घेतलं, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलं, हळकुंड बांधलं आणि ओढून बघितलं. लॅबमधली माणसं हसत होती. आजवर सूत तुटू नये म्हणून ते यंत्र चालवलेलं, आणि हा बाबा तुटतंय ना, चटकन तुटतंय ना, म्हणून पुन्हा पुन्हा बघतोय. तुटत होतं. हिसक्यासरशी, गळ्याला ओरखडा न काढता.

बायकांना बोलावून मी नवं कलम वाचलं. मराठीत, निरीक्षक म्हणाले होते तसं. 'वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या सौभाग्यवती स्त्रियांनी कामाच्या वेळेत मंगळसूत्राऐवजी गिरणीतून मिळणाऱ्या एकेरी सुतात हळकुंड बांधावे.' सौभाग्यवती हा शब्द सुरक्षा धोरणात बसतो का, यावर वाळवेकर साहेबांनी माझ्याशी अर्धी दुपार वाद घातला होता.

हौसाबाई आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्ये मातर चांगलं हाय. गळा बी ऱ्हाईल आन गळ्यातलं बी."

सगळ्या हसल्या. शालन हसली नाही. तिनं हळकुंड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग टेबलावरचा पास उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात पिवळा दोरा होता.

मला वाटलं, जिंकलो. धोरण भिंतीवर लागलं, निरीक्षकांनी पाठ थोपटली, वाळवेकर साहेबांनी मुळात कल्पना आपलीच असल्याचं दोघातिघांना सांगितलं.

पुढं केव्हातरी पावसाळा संपताना मी खात्यातून फिरत होतो आणि माझं लक्ष एका गळ्याकडं गेलं. दोरा जाड दिसत होता. दुसरीकडं बघितलं, तोही जाड. एकीला बाजूला घेऊन विचारलं तर ती तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली. सगळ्यांनी माझं एकेरी सूत घरी नेऊन, देवाच्या वाती वळतात तसं मांडीवर वळून, पदरावर पदर घालून चांगला मजबूत दोरा केला होता. कलमात हळकुंड होतं, सूत होतं, सगळं होतं. फक्त ज्यासाठी ते लिहिलं ते नव्हतं. सौभाग्याचा दोरा तुटावा म्हणून कुठली बाई बांधेल? हे मला आधी सुचायला हवं होतं.

सगळ्यांत जाड दोरा शालनचा होता. त्यानं बैल बांधता आला असता.

"हा काढा," मी म्हणालो. मशिनच्या आवाजात मला ओरडावं लागत होतं. "हा तारेपेक्षा वाईट आहे!"

"कच्च्या सुताला कुणाचं आयुष्य बांधायचं व्हय सायेब?" तीही ओरडून म्हणाली.

मी तिला बाहेर वऱ्हांड्यात घेऊन आलो. बरोबर हौसाबाईलाही बोलावलं, कारण एकट्या बाईला साहेबानं बाहेर बोलावलं तर गिरणीत त्याच्या दहा कथा होतात. हौसाबाईला मी काही बोलायला सांगितलं नाही. ती नुसती उभी राहिली, गळ्यावरचा व्रण उघडा टाकून.

"तुमचे मालक परत आले," मी म्हणालो, "आणि तुमचा गळा असा झालेला असला, किंवा तुम्हीच नसलात, तर त्यांनी काय करायचं? कुणाकडं यायचं?"

तिनं हौसाबाईच्या व्रणाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी 'आले तर' म्हणालो नव्हतो, 'आले' म्हणालो होतो. ते तिच्या लक्षात आलं असावं.

"आन तुटला तर?"

"तुटला तर मी नवीन देईन."

"तुमी म्हणताय म्हून हां." तिनं भिंतीकडं तोंड करून जाड दोरा सोडला, आणि मी कापून दिलेलं एकेरी सूत हौसाबाईकडून बांधून घेतलं.

त्याच आठवड्यात ते तुटलं.

मी तेव्हा ऑफिसात होतो. खात्यातून गलका आला म्हणून धावत गेलो. शालन मशिनपुढं उभी होती, दोन्ही हात गळ्याभोवती धरून. अंगावर साधा ओरखडा नव्हता. कोन थांबलेला होता, आणि पांढऱ्याशुभ्र सुतात एक पिवळी रेघ गुंडाळली गेली होती. हळकुंड कुठं उडालं होतं कुणास ठाऊक. वाळवेकर साहेब आले, त्यांनी कोन बघितला, शालनचा गळा बघितला आणि सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन हलवला. "चौगुले, तुमच्या कलमानं बाई वाचवली!"

कुणीही टाळी वाजवली नाही. बायका एकमेकींकडं बघत होत्या. त्यांतल्या एकीच्या तोंडून हळूच निघालं, "वाढलं." गळ्यातलं तुटलं असं आपल्याकडं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. शालननं ते ऐकलं. ती कुणाशी न बोलता गेटकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. हौसाबाई जाऊन आली आणि सांगत आली, "जेवत न्हाई. घरातलं मंगळसूत्र बी घालत न्हाई. देव्हाऱ्यात ठेवलंय तसंच हाय. म्हणती, त्येंचा निरोप आला."

रविवारी मी मोटारसायकल काढली. खिशात एकेरी सुताची गुंडी होती आणि आईच्या डब्यातलं एक हळकुंड. काय करायला निघालो होतो ते मला नीट माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर वाटेत दोनदा थांबलो.

तिचं घर नदीकडच्या एका खेड्यात होतं. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात बाजेवर तिचा भाऊ सर्जेराव बसला होता. याला मी ओळखत होतो. उन्हाळ्यात तो एकदा बहिणीची पगारवाढ विचारायला म्हणून ऑफिसात आला होता. पगारवाढीचं दोन वाक्यांत आटोपून मग त्यानं बराच वेळ माझीच चौकशी केली होती. घरी कोण कोण, लग्न का राहिलं, जात बघताय का, वगैरे. जाताना म्हणाला होता, "आमच्या ताईचं वय काय फार न्हाई सायेब. पर ती मानाय पायजे की त्यो गेला म्हून. ती मानली तर पुढचं मी बगतो." मी तेव्हा कागद आवरत बसलो होतो. नाही मात्र म्हणालो नव्हतो.

आता मला बघून तो उठलाच. "या सायेब, या. बरं झालं आलासा. तुमीच सांगा आता तिला. देवानं कौल दिला. आमी इतकी वर्सं सांगतूय त्ये आता देवानं सांगितलं. आता रडून मोकळं व्हावं आन पुढचं बगावं. तुमचं ऐकती ती."

शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडं नीट बघत म्हटलं.

शालन उंबऱ्याच्या आत बसली होती, भिंतीला टेकून. सासू पलीकडं तोंड करून पडलेली. शालनचा गळा मोकळा होता. इतक्या वर्षांत उन्हानं जिथं तिथं रापला होता आणि मण्यांखालची तेवढी कातडी कोवळी राहिली होती. त्या फिकट पट्ट्याकडं बघवेना आणि दुसरीकडं नजरही जाईना.

मला ती हवी होती. इतकं साधं होतं ते. ती माझ्या घरात असावी, संध्याकाळी मी आल्यावर तिनं काहीतरी टोचून बोलावं, माझ्या आईशी भाकरीवरून तिचं वाजावं, एवढंच मी कितीतरी दिवस मनात मांडत आलो होतो. आणि आता मला काहीच करायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं. नुसतं, देवाची मर्जी, असं म्हणून उसासा टाकला असता तरी पुरलं असतं. तेही नको, नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

"सायेब," ती म्हणाली. आवाज बसला होता. "एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"त्ये सूत तुमी मुद्दाम कच्चं दिलतं?"

सर्जेराव दारात येऊन उभा राहिला. सासूनंही कूस बदलली.

"हो," मी म्हणालो.

"तुटावं म्हून?"

"तुटावं म्हणूनच. लॅबमध्ये मी ते पुन्हा पुन्हा तोडून बघितलं होतं. एखादं तुटलं नसतं तर मी ते वापरू दिलं नसतं. शालनबाई, ते सूत तुमच्या मालकांमुळं तुटलं नाही, देवामुळं तुटलं नाही. माझ्यामुळं तुटलं. तुम्ही जाड दोरा वळला होता तो मी काढायला लावला. नसता लावला तर दोरा राहिला असता आणि तुम्ही गेला असता."

"म्हंजी त्येंचा..."

"त्यांचा काही संबंध नाही. ते कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पण मला जे माहीत नाही ते माझ्या सुताला कुठून माहीत असणार?"

ती माझ्याकडं बघत राहिली. विश्वास ठेवावा असं तिला फार वाटत होतं, आणि तेवढ्यानं भागत नव्हतं. मग मी तिला जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"लहानपणी मी माझ्या आईचं हळकुंड तोडलं होतं. कडेवर होतो, खेळता खेळता ओढलं, तुटलं. पाठीत धपाटा बसला. आईनं चुलीपुढंच दुसरा दोरा घेतला, हळकुंड बांधलं आणि राहिलेल्या भाकऱ्या थापल्या. माझे वडील अजून आहेत. आज सकाळीच आमटीत मीठ जास्त म्हणून भांडले."

आधी हसली ती सासू. पडल्या पडल्या, दात नसलेल्या तोंडानं. मग शालनच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि ती हसते आहे की रडते आहे हे मला कळायच्या आत तिनं पदरात तोंड घातलं आणि मोठ्यानं रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडत होती, असं सासू नंतर म्हणाली.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "तुमी म्हणालातासा, तुटला तर नवीन दीन. आणलायसा?"

मी खिशातून गुंडी काढली, हळकुंड काढलं. तिच्या तळहातावर ठेवलं.

दोरा बांधायला सवाष्ण लागते. शेजारची बाई आली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि पाठ केली. आतून शेजारीण म्हणाली, "चांगली गच्च मारते गं गाठ, दोन-चार येढं घालून."

"नको!" मी बाहेरून ओरडलो. "एकेरीच राहू द्या. गाठ सैल मारा."

आत दोघी हसल्या. मग शालनचा आवाज आला, "ऐक गं बाई त्येंचं. सायबांचं कलम हाय त्ये."

सर्जेराव मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तो चिडला होता, पण माणूस वाईट नव्हता. मी मोटारसायकलला किक मारत असताना तो म्हणाला, "सायेब, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलासा तुमी." वाटेत डोळ्यांत धूळ जात होती असं म्हणतो, म्हणजे झालं.

सोमवारी ती कामावर आली.

धोरण एकदा लिहून भिंतीवर लावायचं नसतं, दरवर्षी ते उघडून बघावं लागतं. कुठं मोडतंय, लोक कुठून पळवाट काढतात, नवं यंत्र आलं का. त्या जानेवारीत मी दोन सुधारणा केल्या. सूत वळून जाड केलं नाही ना, हे रोज कामावर येताना हौसाबाईनं बघावं. आणि दुसरी अशी की घामानं आणि तेलानं सूत चिवट होतं, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकीनं कल्याण अधिकाऱ्याच्या टेबलावरून स्वतः नवीन सूत घेऊन जावं.

बाबासो आला नाही. शालन दर एक तारखेला आली. बाकीच्या बायका घोळक्यानं यायच्या, ती शेवटी एकटी यायची. मी सूत कापून टेबलावर ठेवायचो, ती उचलायची.

"ह्ये तुटंल न्हवं?" ती विचारायची.

"तुटेल."

"मग बरं."

एवढंच बोलणं. सासू वारली त्या महिन्यातही एवढंच, माझे केस पांढरे झाले तेव्हाही एवढंच. एकदा तिला ताप होता तर तीन तारखेला आली आणि उशीर झाला म्हणून माफी मागत होती. मी निवृत्त झालो त्या महिन्यात तिनं सूत उचललं, नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं, आणि दारापर्यंत जाऊन ती परत वळली. "नव्या सायबास्नी नीट शिकवा," म्हणाली. पुढं काही बोलेल म्हणून मी वाट बघितली. ती गेली.

माझ्या जागेवर एक तरुण मुलगी आली, हुशार, प्रत्येक कलमाचं कारण विचारणारी. परवा तिचा फोन आला. धोरणाचा फेरआढावा चालू होता.

"सर, हळकुंडाचं कलम ठेवतेय. फार छान आहे. फक्त ते महिन्याचं काढू का? मी लॅबमध्ये तपासून घेतलं. घामानं सुताला काहीच होत नाही. वर्षभर वापरलं तरी तितक्याच ताकदीला तुटतं."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "मीही तेव्हा तपासलं होतं."